दोन गोलकीपर

पप्पा, तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली आणि अजूनही तुमच्याशी बोलायचं म्हटलं की मला त्या मुलाबद्दलच बोलायचं असतं. फुजैराच्या मल्याळी मुलाबद्दल, तुमच्या गोलकीपरबद्दल. मीही तुमचाच गोलकीपर होतो. पण कॉलेजात काय आणि घरात काय, कोचचा गोलकीपर म्हटलं की तो. मी राखीव.

तो आला तो तुमचा दुसराच सीझन होता. अमिरातीतल्या रास अल खैमाच्या सिरॅमिक कारखान्यातली डिस्पॅचची नोकरी सोडून तुम्ही माझ्या कॉलेजचे फुटबॉल कोच झालात तेव्हा आई आठवडाभर तुमच्याशी धड बोलली नव्हती. "पोरं पळवायला कोण पगार देतंय व्हय? आन् देत असतील तर किती दिस?" तुम्ही बशीत चहा ओतत म्हणालात, "कोल्हापुरात फुकट पळवली असती. हितं पगार देत्यात, हे काय वाईट हाय?" वर्षभरात मंदी आली. कारखान्यानं तुमच्या जुन्या विभागातली निम्मी माणसं घरी पाठवली, आणि आईनं तो विषय पुन्हा काढला नाही.

पहिल्या सीझनला सगळे सामने मी खेळलो. गोलमध्ये उभं राहायला दुसरं कुणी तयार नव्हतं. नऊपैकी सात सामने आम्ही हरलो. दुसऱ्या सीझनच्या पहिल्या दिवशी तो आला. उंच, हडकुळा, हात गुडघ्यापर्यंत. वाळू दाबून केलेलं ते मैदान, मागे डोंगर, सिमेंटच्या कारखान्याची पांढरी भुकटी सगळ्यांच्या केसांत. तुम्ही त्याला दहा चेंडू मारलेत. त्यानं आठ धरले. मग तुम्ही वळून माझ्याकडे बघितलंत. दुकानात हातात घेतलेली वस्तू परत ठेवताना माणूस बघतो, तसं. त्या रात्री जेवताना मी म्हणालो, "पप्पा, धिस इज नॉट फेअर." तुम्ही म्हणालात, "गेल्या वर्षी सात हरलो. पोटचं पोरगं म्हणून गप बसलो, ती माझी चूक. आता जो धरंल तो उभा ऱ्हाईल." आई म्हणाली, "आधी जेवू तर दे त्याला." मी जेवलो. मला वाटलं होतं तुम्ही निदान माझ्याकडे बघून बोलाल.

सराव संपल्यावर इतर मुलं बसकडे जायची आणि तुम्ही त्याला थांबवून घ्यायचात. मीही थांबायचो, कारण घरी तुमच्याच गाडीनं जायचं असे. गोलच्या मागे बसून मी चेंडू परत फेकायचो. हातमोज्यांचा चांगला जोड एकच होता. सामन्यात तो त्याचा, सरावात आधी त्याचा आणि मग माझा. मी घालायचो तेव्हा ते आतून ओले असायचे. तुमची कोल्हापुरी सगळ्या संघाची भाषा झाली होती. बचावाला खेळणारा सुदानी "आरं हाण की!" असं ओरडायचा आणि समोरच्या संघातले बघत राहायचे. पण तुम्ही त्याला "लेका" म्हणायचात, फक्त त्याला. तो हॉस्टेलवर राहायचा, म्हणून दर गुरुवारी आपल्याकडे जेवायला. आई मटणाचा पांढरा रस्सा करायची. नळी लहानपणापासून माझी असायची. त्यावर कधी चर्चा झाली नव्हती. एका गुरुवारी तुम्ही ती पळीनं उचललीत आणि त्याच्या ताटात घातलीत. त्याला ती कशी खातात ते माहीत नव्हतं. तुम्ही ताटावर ठोकून दाखवलंत. "ऐसा. हं. अभी चूस." तो हसला, आई हसली. मी भाकरी मागितली. ती माझ्या समोरच होती.

जानेवारीपासून मुलं जायला लागली. कुणाच्या बापाची नोकरी गेली, कुणाच्या बापाची कंपनीच बंद झाली. व्हिसा कॅन्सल झाला की महिनाभरात देश सोडायचा. सरावाला मुलगा यायचा, बूट काढायचा, म्हणायचा, "कोच, खलास. फ्रायडे को जा रहे हैं." तुम्ही त्याच्या पाठीवर थाप मारायचात आणि खिशातल्या यादीवर रेघ ओढायचात. सुरुवातीला आम्ही एकोणीस होतो. मार्चमध्ये बारा उरलो. दहा खेळाडू आणि दोन गोलकीपर. म्हणजे संघात फक्त एकच माणूस असा होता ज्याच्याशिवाय चालत होतं. तो मी. आजारी पडलेला खेळायचा, मुरगळलेल्या पायाचा खेळायचा, मी पाण्याच्या बाटल्या भरायचो. आणि आश्चर्य म्हणजे आम्ही जिंकत होतो. मुलं कमी होत गेली तसे तुम्ही शांत होत गेलात आणि ती तुमच्यासाठी जीव तोडून पळायला लागली. त्या सगळ्या महिन्यांत मी एकच गोष्ट मागत होतो. त्याच्या बापाची नोकरी जावी. त्याचे वडील फुजैरा बंदरात जहाजांना तेल पुरवणाऱ्या बोटीवर कामाला होते. मी वर्तमानपत्रात फुजैराच्या बातम्या वाचायचो.

ती नोकरी गेली. शेवटचा सामना दहा दिवसांवर आला असताना गेली. तो सामना बरोबरीत सुटला तरी आम्ही पहिल्या चारात येणार होतो. आपलं कॉलेज तिथे कधी पोचलं नव्हतं. त्याचा व्हिसा बापाच्या व्हिसावर होता, म्हणजे तोही जाणार. त्या संध्याकाळी मी न सांगता दीड तास एकटा भिंतीवर चेंडू मारून धरत बसलो. घरी आलो तर आई ओट्याशी उभी होती, कणीक मळत नव्हती, नुसते हात कणकेत. म्हणाली, "तुझा बाप पासपोर्ट ठेवून आलाय कॉलेजात." त्याला वर्ष संपेपर्यंत कॉलेजच्या व्हिसावर ठेवायचं तर कुणीतरी कर्मचाऱ्यानं आपला पासपोर्ट हमी म्हणून जमा करायचा होता. मुलगा पळून गेला, कुठे दुसरीकडे कामाला लागला, तर हमी देणाऱ्याची नोकरी गेली आणि पासपोर्टही अडकला. बाकीच्यांनी खाली बघितलं. तुम्ही खिशातून काढून दिलात.

मी बाहेरच्या खोलीत आलो. तुम्ही बुटांची नाडी सोडत होता. मी विचारलं, "माझ्यासाठी ठेवला असता का?" तुम्ही वर बघितलंत. चिडला नव्हता. "त्याचा बाप चाललाय," तुम्ही म्हणालात. "तुझा हाय की हितं." तेव्हा मला ते पटलं नव्हतं.

आता सामन्याच्या आदल्या दिवसाचं, त्या गुरुवारचं. तुमची फोनची साखळी होती. निरोप असला की तुम्ही कप्तानाला सांगायचात, त्यानं यादीतल्या पुढच्याला, पुढच्यानं त्याच्या पुढच्याला. सगळ्यांना एकदम सांगणं सोपं होतं, पण तुम्ही म्हणायचात, "एक तुटला की त्याच्या मागचे समदे बुडले, हे पोरांना कळाय पायजे." फॉरवर्डपासून सुरू होऊन यादी गोलकीपरवर संपायची. गेलेल्यांची नावं खोडत खोडत शेवटी त्याच्या आधी मी उरलो होतो. शुक्रवारी सकाळी नऊचा सामना दुबईत जुमेरा लेक टॉवर्सच्या मागच्या मैदानावर होता. गुरुवारी संध्याकाळी मैदान बदललं. शारजाच्या हद्दीजवळचं दुसरं ठरलं. तो आई-वडिलांना सोडायला पहाटे शारजा विमानतळावर जाणार होता आणि तिथून परस्पर मैदानावर. नवं मैदान त्याला वीस मिनिटांवर होतं. मला निरोप आला. मी त्याला फोन लावला. लाइन बिझी होती. दुसऱ्यांदा मी लावला नाही. अर्ध्या तासानं तुम्ही न्हाणीतून ओरडून विचारलंत, "सांगितलंस त्याला?" मी म्हणालो, "हो."

नऊ वाजले, तो आला नाही. तुम्ही त्याचा नंबर लावलात, फोन बंद. तो फोन बापाच्या नावावर होता, आणि देश सोडताना माणूस सगळी बिलं चुकती करून कनेक्शन बंद करतो. ते तुम्हाला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. तुम्हाला एवढंच माहीत होतं की त्याला मैदान कळवलेलं आहे, त्याचे आई-वडील विमानात बसले आहेत आणि तुमचा पासपोर्ट कॉलेजच्या तिजोरीत आहे. सुदानी मुलगा म्हणाला, "कोच, भाग गया क्या?" तुम्ही म्हणालात, "गप. यल्ला, मैदानावर." मग मला म्हणालात, "ऱ्हा उभा." हातमोजे त्याच्या बॅगेत होते. मी मोकळ्या हातांनी उभा राहिलो.

मी आयुष्यात तसा पुन्हा कधी खेळलो नाही. पहिल्या पाच मिनिटांत कळलं की आज चेंडू मला दिसतो आहे. मारणाऱ्याचा पाय उठायच्या आधी दिसतो आहे. तळहात सोलले, कोपर फुटलं, मी उठत होतो. दर वेळी उठून मी तुमच्याकडे बघत होतो. तुम्ही रेषेपाशी उभे आहात, हातात फोन, आणि तोंड गेटकडे. मी चेंडू वरच्या दांडीवरून ढकलतो, मुलं ओरडतात, तुम्ही गेटकडे. एक टॅक्सी थांबते, तुम्ही दोन पावलं पुढे जाता, टॅक्सीतून कुणीतरी दुसराच उतरतो, तुम्ही परत येता. तुमचा चेहरा मातीसारखा झाला होता. मला एक वाक्य बोलायचं होतं. मध्यंतरात तर तुम्ही माझ्या शेजारी उभे होता. मी पाणी प्यालो. नव्वद मिनिटं तुमचा जीव टांगणीला होता आणि दोरी माझ्या हातात होती, आणि मला वाटत होतं, एकदा इकडे बघा, मग सांगतो.

सामना शून्य-शून्य सुटला. मुलांनी मला उचललं. त्यांच्या खांद्यांवरून मला दिसलं, तो गेटमधून धावत येत होता, बूट हातात. आधीच्या मैदानावर जाऊन तिथल्या वॉचमनला विचारत परत आला होता. तुम्ही मैदान आडवं कापून त्याच्याकडे गेलात, माझ्या जवळून गेलात. त्याचा कान धरलात. मग त्याचं डोकं छातीशी धरलंत. मला उतरवलं तेव्हा मी जवळ गेलो. तो पुन्हा पुन्हा सांगत होता, "मेरी गलती, कोच. इसने बताया था, मैं भूल गया." माझ्याकडे त्यानं बघितलंही नाही. तुम्ही विचारलंत, "कुछ खाया क्या?" बसमध्ये तुम्ही ड्रायव्हरशेजारी बसलात. घरी पोचल्यावर मला एवढंच म्हणालात, "हातांना हळद लाव."

पुढच्या वर्षी कॉलेजनं खर्च कमी करताना संघच बंद केला. त्याआधी, वर्ष संपताच जूनमध्ये, तुमचा पासपोर्ट परत मिळाला आणि तो मुलगा केरळला गेला. तुम्ही एका ट्रान्सपोर्ट कंपनीत लागलात आणि तीन वर्षांनी एका सकाळी चहाचा कप हातात असताना गेलात. आम्ही तुम्हाला कोल्हापूरला नेलं. तो तिकडून दोन गाड्या बदलून आला. आई त्याच्या गळ्यात पडून रडली. मी पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडत होतो. तेव्हाही मला वाटलं, हा कशाला आला.

तो पुन्हा फुजैरात आला आहे, बंदरात नोकरी करतो. गेल्या आठवड्यात त्यानं फोन केला, ऑफिसात, मीटिंगमधून मला बाहेर यावं लागलं. तो आता संध्याकाळी तिथल्या एका कॉलेजच्या संघाला शिकवतो. त्याच्याकडे दोन गोलकीपर आहेत, एकमेकांशी बोलत नाहीत. "कल उनको मैंने अपना किस्सा सुनाया," तो म्हणाला. मी विचारलं, कुठला. तो म्हणाला, "अरे, तूने फोन नहीं किया था, वो." पंधरा वर्षांत आम्ही त्यावर कधी बोललो नव्हतो. तो हसून म्हणाला, "कोच को तो उसी वक्त समझ गया था, यार." गेटपाशी, कान धरलेला असताना, मी पोचायच्या आधी, तुम्ही त्याला म्हणाला होतात, "झूठ मत बोल. उसने नहीं बताया होगा. मेरा पोरगा है, मेरे को मालूम है." आणि मग म्हणाला होतात, "लेकिन आज तू टाइम पे आता ना, तो भी उसीको खडा करता."

म्हणजे तुम्ही मला खेळताना बघितलं होतंत. आणि तेही त्यालाच सांगितलंत. मी ज्याच्यासाठी तुम्हाला नव्वद मिनिटं तसं उभं ठेवलं, ते वाक्य पंधरा वर्षं त्याच्याकडे होतं, आणि त्यानं ते सहज, हसत, दुसऱ्यांच्या पोरांना सांगितलं. मला त्याचा पुन्हा हेवा वाटला. हे लिहिलेलं मी आईला दाखवणार नाही आणि त्याला तर नाहीच.

फोनवर मी त्याला म्हणालो, इथे रेंज नाही, शेवटचं ऐकू आलं नाही, परत बोल. तो परत बोलला, तुमच्याच हिंदीत, तुमच्यासारखा थांबत. रेंज पूर्ण होती.