छायाचा सव्वाअकराचा फोन

९ नोव्हेंबर
ऑगस्टनंतर आज वही उघडली. इतके दिवस गप्प राहिले याची क्षमा मागावीशी वाटते, पण कोणाकडे? वही कपाटातच होती. मीच तिकडे फिरकत नव्हते.
छायाचा फोन आजही. सव्वाअकरा, मधल्या सुट्टीत.
"जयभीम मॅडम. मी छाया, वणीहून. मी गोळी घेऊ काय?"
"दोन घास खाल्लेस का?"
"खाल्ले."
"मग घे."
"बरं. घेतो."
कालही हेच. परवाही. तिला काल आठवत नाही.

११ नोव्हेंबर
नागपूरच्या वजन कमी करायच्या ऑपरेशनला दीड वर्ष झालं. माझं आणि छायाचं एकाच दिवशी, शेजारच्या खाटा. पोट लहान केलं, आतडं वळवलं. सुटी देताना दोघींना एकत्र बसवून सांगितलं होतं: आता अन्नातलं अंगी लागणार नाही, गोळ्या जन्मभर. छाया तेव्हा हसून म्हणाली, "मॅडम, तुमी मास्तरीण आहा. मी तुमालेच विचारत जाईन."
दारव्ह्याला अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते मी. तिला तेवढं पुरेसं वाटलं. मलाही वाटलं होतं बहुतेक.

१२ नोव्हेंबर
लोहाची गोळी जेवणानंतर, लिंबू पिळून. कॅल्शियम दोन तासांनी. दोन्हींच्या मध्ये चहा नाही. स्टाफरूममध्ये गणिताचे सर म्हणाले, "मॅडमच्या चहाले मुहूर्त काढा लागते." सगळे हसले, मीही.
घरी सासूबाई: "चिमणीवानी खाते अन् गोळ्या मूठभर."
एकही चुकवत नाही. हे मी माझ्यासाठी करते की तिच्यासाठी, कळत नाही. घेताना दर वेळी वाटतं, ही तिची होती.

१४ नोव्हेंबर
बालदिन, कॉलेजला अर्धी सुट्टी. फोन वेळेवर. आज प्रश्नाआधी म्हणाली, "काल तुमी घरी येऊन गेल्या. मले पाणी पाजलं, साखर-लिंबाचं. बरं वाटलं."
मी तिच्या घरी कधीही गेलेली नाही.
तिचे यजमान प्रकाशभाऊ, कोळशाच्या ट्रकवर असतात, त्यांनी फोन घेतला. "मॅडम, मनावर नका घेऊ. डोक्यात जागा खाली झाली की ती काहीबी भरते. डॉक्टर म्हणे असंच असते."
काहीबी नाही ते. पाजलं नाही, पण सांगितलं मीच होतं. फोनवर.

१५ नोव्हेंबर
लिहून टाकते. तिला ऑगस्टमध्ये उलट्या सुरू झाल्या. काही टिकेना. मला विचारलं. मी म्हटलं, पोटाला आराम दे. साखर-लिंबाचं पाणी घोटघोट. पौर्णिमा आलीच होती, वर्षावासातली. म्हटलं, तसाही उपोसथाचा उपास धरायचाच, दुपारी बारानंतर काही खाऊ नको. प्रोटीनची पावडर दुधातून घेतेस, दूध म्हणजे अन्नच, ते राहू दे. रिकाम्या पोटी गोळ्यांनी मळमळतं, त्याही राहू दे.
उपोसथात औषध चालतं. विहारातल्या भन्तेंनी दर वर्षी सांगितलं आहे. मला माहीत होतं. तरी शीलाचा काटेकोरपणा मिरवायला मी गोळ्याही त्यात ओढल्या.
मी एका दिवसाचं बोलले होते. तिने पुढे रोजच धरला. कोणी जेव म्हटलं की म्हणायची, मॅडमनं सांगतलं.
तिसऱ्या आठवड्यात डोळे एका जागी ठरेनात, चालताना भिंत धरायला लागली, मग मुलीचं नाव विसरली. बी-वन जीवनसत्त्व संपलं होतं अंगातलं. डॉक्टर प्रकाशभाऊंना म्हणाले, इतक्या उलट्या होत्या तेव्हाच इंजेक्शन हवं होतं, नुसत्या साखरेच्या पाण्यानं उरलंसुरलंही खर्च होतं.
बी-वनचा अभाव. दर वर्षी फळ्यावर लिहिते मी हे. दोन गुणांचा प्रश्न असतो.

१८ नोव्हेंबर
फोन आला नाही. सव्वाअकरा, साडेअकरा. तास घेतला, पण काय शिकवलं आठवत नाही. बारा वाजता मीच लावला. छाया: "मॅडम, तुमी काहून रडून राह्यल्या?"
रडत नव्हते. निदान आवाज तरी नव्हता.
गोळी घेतली का विचारलं. म्हणाली, "तुमी सांगतलंच नाही."

२० नोव्हेंबर
प्रकाशभाऊंशी बराच वेळ. मुलगी गोळी देते तर थुंकते. त्यांनी दिली तर म्हणते, मले जहर देता काय. "फक्त तुमचं ऐकते मॅडम. तुमी घे म्हणता तवाच गिळते. तुमचे उपकार..."
मी मधेच तोडलं. उपकार म्हणू नका एवढंच म्हटलं. त्यांना तो विनय वाटला.
म्हणजे असं आहे: ज्या आवाजाने गोळ्या सुटल्या त्याच आवाजाने त्या पोटात जातात. खरं सांगितलं आणि त्यांनी तिचे फोन बंद केले तर? ती गोळ्या घेणार नाही. हा विचार तिच्या काळजीचा आहे की माझ्या सोयीचा? दिवसभर उलटसुलट करून पाहिला. दोन्हीकडून सारखाच दिसतो.

२३ नोव्हेंबर
ह्यांना सांगितलं. पहिल्यांदाच. वर्तमानपत्र बाजूला ठेवून ऐकलं. मग म्हणाले, "तू डॉक्टर होतीस काय? तिनं कायले ऐकलं तुझं?" मला बरं वाटावं म्हणून म्हणाले. त्यामुळे जास्तच वाईट वाटलं. तिने ऐकावं असंच तर मी बोलत आले.

२५ नोव्हेंबर
ऑगस्टचं पान काढलं. धीर होत नव्हता. त्यात इतकंच आहे: "छाया, उलट्या, नऊ दिवस. उपोसथ धर म्हटलं. साखर-लिंबू पाणी. गोळ्या राहू दे. सासूबाईंचा चष्मा दुरुस्त."
एक दिवस हे शब्द नाहीत. कुठेच नाहीत. दहा दिवसांपूर्वी याच वहीत मी ते ठामपणे लिहिलं. तीन महिने स्वतःला तेच सांगते आहे. डोक्यातल्या रिकाम्या जागा भरायला आजारच लागतो असं नाही.

२७ नोव्हेंबर
सव्वाअकरा. "मी गोळी घेऊ काय?" घे म्हटलं. मग, थोडं थांबून, "मॅडम, आज पौर्णिमा आहे काय?" नाही म्हटलं. पंचांग न बघता.

२९ नोव्हेंबर
प्रकाशभाऊ: नागपूरच्या डॉक्टरांनी सगळी हकीकत लिहून आणायला सांगितली आहे. उलट्या कधीपासून, किती दिवस, काय दिलं, काय बंद केलं. सुधारणेचा अंदाज त्यावरून बांधतील. "मी तं ट्रकवर होतो मॅडम, मले काई ठाऊक नाही. छायाले तं आठवतच नाही. तुमाले रोज फोन करे ती. तुमीच लिहून द्या न."
देते म्हटलं.
कोऱ्या कागदावर तारीख घातली, नऊ दिवस लिहिलं. पाणी लिहिलं. पुढे "गोळ्या बंद केल्या" इथवर आले. कोणी, ते लिहिलं नाही. केल्या, असं आपोआप झाल्यासारखं. खोडलं. पुन्हा तसंच आलं. तिसऱ्यांदा लिहिलं, "मी सांगितल्यावरून." किती दिवसांसाठी, ती जागा मोकळी ठेवली. एक म्हणवत नाही, रोज म्हणवत नाही.
हा कागद व्हॉट्सअॅपवर पाठवण्यासारखा नाही. समोर बसून द्यावा लागेल. त्यानंतर सव्वाअकराला काय होईल

उद्या: दारव्ह्याहून वणीची पहिली गाडी किती वाजता, स्टँडवर विचारणे.