खालच्या हॉटेलचा बंदोबस्त

४ जानेवारी २००७, गुरुवार
कल्याणीनगरात शांतता मिळते म्हणून हा फ्लॅट घेतला. आज आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर हॉटेल उघडलं. नाव 'टुकटुक'. थायलंड, इटली, मेक्सिको आणि लेबनॉन, चार देश एका मेनूत, आणि एकही पदार्थ दीडशे रुपयांच्या वर नाही. एवढ्या स्वस्तात देश मिळायला लागले तर लोक व्हिसाच्या रांगेत कशाला उभे राहतात?
मालक इंद्रजीत. आमची सोसायटी उभी आहे ती जमीन यांच्या घराण्याची. वडील हिंदुराव आता बिल्डर. मुलगा दोन वर्षं बोटीवर आचारी होता, म्हणून स्वतःला इंटरनॅशनल समजतो. मग समुद्रातला बोंबीलही इंटरनॅशनल.
निश्चय : १० फेब्रुवारीच्या आत बंद पाडणार.

६ जानेवारी, शनिवार
१० फेब्रुवारीच का, ते लिहून ठेवते. त्या दिवशी भिशी माझ्याकडे आहे. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या आम्ही सहा जणी. रिटायर झाल्यापासून दर महिन्याला एकीकडे जमतो. माझ्याकडे म्हटलं की बेक्ड मॅकरोनी विथ पाइनॅपल. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी समोर उभं करून शिकवलेली. बाकीच्या पाच जणी साबुदाण्याच्या खिचडीपुढे गेलेल्या नाहीत. कॉन्टिनेन्टल म्हणजे श्यामला, हे एक्स्चेंजमध्ये सर्वमान्य होतं.
आज सुहासिनीचा फोन. तुझ्या पायाशीच एवढं छान हॉटेल निघालंय, तर या वेळी भिशी तिथेच कर ना गं, म्हणाली. ओव्हन तापवत कशाला बसतेस, हेही वर. मी फोन ठेवला. लाइन कापण्यात आयुष्य गेलं, सवय सुटत नाही.

९ जानेवारी, मंगळवार
सोसायटीची मीटिंग. हॉटेलवर बहिष्काराचा ठराव मांडला. वास, पार्किंग, धांगडधिंगा, आणि गळ्यात ओळखपत्राचे पट्टे अडकवून फिरणारी आयटीची पोरं. आमच्या वेळी पट्टा कुत्र्याला घालत. सेक्रेटरी रंगनाथराव म्हणाले, आधी काहीतरी तोंडात टाकू, मग ठराव. स्प्रिंग रोल निघाले. कुठून आले, असं विचारलं, पण सगळ्यांची तोंडं भरलेली. भरल्या तोंडाने बोलू नये हे माझंच मत असल्यामुळे उत्तराचा आग्रह धरला नाही.
ठरावाला अनुमोदन मिळालं नाही. कोणी विरोधही केला नाही. म्हणजे तत्त्वतः मंजूर.

११ जानेवारी, गुरुवार
नावं ठेवायची तर आत जाऊन ठेवावीत. दुपारी एकटी गेले. थाय ग्रीन करी मागवली. हिरवी आमटी. नारळ, गवती चहा आणि वांगी. वांग्यासाठी थायलंड गाठायची गरज नव्हती. पुरावा म्हणून संपवली.
काकू, कसं वाटलं, असं इंद्रजीतने विचारलं. मी सांगितलं, एक, मी तुझी काकू नाही. दोन, भात गिच्च आहे. तीन, हात धुवायला साबण नाही. आणि येरवड्याच्या तुरुंगातसुद्धा याहून गरम जेवण देत असतील. चेहरा पाहण्यासारखा झाला. आता चार दिवसांत कुलूप.

१४ जानेवारी, संक्रांत
कुलूप नाही. साबण आला.
इंद्रजीतची आई मथुराबाई तिळगूळ घेऊन दारात. अंगावर नऊवारी, हातात माझ्याहून भारी मोबाइल. गल्ल्यावर हीच बसते. म्हणाली, बाई, तुमी पोराला झापलंत ते झ्याक केलं, आमचं कुनाचं ऐकत न्हाई त्ये. मग माझ्या स्वयंपाकघरात डोकावून म्हणाली, तुमचा वटा हाय ना, त्येच्या खाली आमची ज्वारी डुलायची. जणू मी ती उपटली.
तिळगूळ घेतला. गोड बोलण्याचं कबूल केलेलं नाही.

१८ जानेवारी, गुरुवार
तपासणी दुसरी. भात मोकळा झाला आहे. निराशा. मग इटलीकडे वळले. पास्त्याचा लगदा. तसं स्पष्ट सांगितलं. खुर्च्यांना पाठ नाही आणि गाणी कानात खिळे ठोकतात, हेही सांगितलं. इंद्रजीत मान हलवत होता. खचला आहे.
शेजारच्या टेबलावर आयटीचा एक पट्टेवाला टाको हाताने खात होता. टाको म्हणजे मक्याची पापडी वाकवून आत राजमा. काटा-सुरीने कसा खायचा ते त्याला करून दाखवलं. टाको फुटला आणि राजमा त्याच्या ओळखपत्रावर. त्यानेच सॉरी म्हटलं. शिस्त लागते, लावणारं माणूस हवं.

२३ जानेवारी, मंगळवार
तपासणी पाचवी. (मधल्या दोन लिहायच्या राहिल्या.) खुर्च्यांना पाठी आल्या. गाणी हळू. पास्ता दाताखाली लागतो. प्रत्येक मुद्द्यावर माघार घेत आहेत. असंच चालू राहिलं तर त्यांच्याकडे उरणार काय?
एकच अडचण, गर्दी वाढली आहे. मला ताटकळत उभं राहावं लागलं. मथुराबाई गल्ल्यावरून ओरडली, आरं ए, बाईंचं टेबल मोकळं करा. 'बाईंचं टेबल' हा शब्दप्रयोग मला मान्य नाही. पाय दुखत होते म्हणून बसले.

३० जानेवारी, मंगळवार
सुहासिनीला फोन करून बहिष्काराची आठवण करून दिली. ती म्हणाली, अगं, काल तूच तर हॉटेलच्या खिडकीत बसून वाटी खरवडत होतीस, मी रिक्षातून हातही केला. मी सांगितलं, ती तपासणी होती. त्यावर म्हणाली, बरं. सुहासिनीचं 'बरं' मी चाळीस वर्षं ऐकते आहे. त्याचा अर्थ पटलं असा असतो.

५ फेब्रुवारी, सोमवार
मथुराबाईने विचारलं, धा तारखेला तुमच्या मैतरणी येनार म्हनं, टेबलं जोडून ठिवू का? ही बातमी कुठून, असं विचारलं तर नुसती हसली. मी ठणकावून सांगितलं, त्या माझ्याकडे येणार आहेत. वर. दुसऱ्या मजल्यावर. ती म्हणाली, येऊ द्या की, पन जेवायला कुटं बसनार? उद्धट बाई.
लेबनॉनची चटणी मात्र आज बरी होती. चण्याची आहे. सांगितलं नाही.

९ फेब्रुवारी, शुक्रवार
मॅकरोनी, चीज, डब्यातलं अननस आणलं. काचेचं मोठं भांडं घासून ठेवलं. हॉटेल अजून उघडं आहे, पण ते वरवर. उद्या सगळ्यांनी माझ्या हातचं खाल्लं की तुलना आपोआप होईल.

१० फेब्रुवारी, शनिवार, दुपारी दीड
भांडं ओव्हनमध्ये. टेबलावर सहा काटे, सहा सुऱ्या, इस्त्रीचे नॅपकिन. कोणी आलं नाही. ट्रॅफिक.

दोन वाजून गेले
खालून हसण्याचा आवाज. त्यातलं एक हसणं मी ट्रंक लाइनच्या खरखरीतही ओळखलं असतं.

संध्याकाळी
खाली गेले ती त्यांना वर आणायला. पाचही जणी माझ्याच टेबलाभोवती. सुहासिनी म्हणाली, किती वाट बघायची गं, तू इथेच असतेस म्हणून थेट इथेच आलो. मी म्हटलं, वर मॅकरोनी गार होते आहे. कोणी उठलं नाही. मग सुहासिनीने माझा हात धरला आणि म्हणाली, श्यामला, बस आता. इतकी वर्षं खाल्ली ती मॅकरोनी, कोणालाच आवडत नव्हती, आम्ही तुझ्यासाठी येत होतो. बाकीच्या चौघींनी मेनूत तोंड घातलं. एक्स्चेंजमध्ये सर्क्युलर इतकं मन लावून कोणी वाचलं नाही.
सुहासिनीच्या तोंडाची चव गेली आहे. डॉक्टरला दाखव, असं तिला तिथेच सुनावलं.
मग बसले. पाच बायकांना असं एकटं सोडणं बरं दिसलं नसतं.

१३ फेब्रुवारी, मंगळवार
मॅकरोनी, चौथा दिवस. वॉचमन कोंडीरामला काल देऊ केली, तर सोमवारचा उपास म्हणाला. आज मंगळवारचा आहे म्हणे.
दुपारी गरम करून टेबलावर घेतली. अळणी लागली. हल्लीच्या मिठात पूर्वीचा खारटपणा राहिलेला नाही.