बग्गीत बसण्याआधी

ऊर्वी,

मी उपाश्रयात प्रवचनाला जाऊन येते. रिक्षा दारातच बोलावली आहे. शोधत फिरू नकोस, हर्षदला फोन करून माझ्या लेकाला घाबरवूही नकोस.

उपाश्रयातल्या जशीबेनचा आणि तिच्या मंडळातल्या बायकांचा समज झालाय की मी महिनाभर नुसत्या उकळलेल्या पाण्यावर उपवास करतेय. अंग इतकं उतरलंय, बांगड्या कोपरापर्यंत जातात, म्हणून. गेल्या आठवड्यात त्या माझ्या पाया पडल्या. पर्युषण संपलं की तपस्विनींच्या मिरवणुकीत मला बग्गीत बसवणार म्हणाल्या. कॅन्सरचं कुणाला सांगू नका, हे मीच तुम्हाला बजावलेलं, म्हणून गप्प बसले. खरं सांगू, बरंही वाटलं.

पण उपवासवाली बाई प्रोटीन पावडरचं दूध पिताना दिसली तर? म्हणून चार दिवस तू दिलेला पेला मोरीत ओतला. काल वजन आणखी उतरलेलं बघून तू पावडरवाल्यांना शिव्या घातल्यास, तेव्हा माझी मान वर होईना. माफी मागायचा दिवस अजून लांब आहे, पण तुला मिच्छामि दुक्कडम् आजच.

स्नायू असेच झडत राहिले तर पुढची केमो झेपणार नाही, हे डॉक्टर तुला सांगत होते ते मी दाराआडून ऐकलंय.

आज सगळ्यांदेखत सांगणार आहे की मी दिवसातून पाच वेळा खाते, घास घशाखाली उतरत नसताना खाते. बग्गीत बसवायचं तर त्यासाठी बसवा.

सकाळचा पेला प्यायले. विश्वास नसेल तर मोरी हुंगून बघ. सूर्यास्ताआधीचा तयार ठेव. जशीबेनला घेऊन येते, तिच्यासमोरच पिणार आहे.

बा