अहो-जाहो

सोमवार, ३ फेब्रुवारी

आजही भिंतीकडे तोंड. ताट तसंच परत. दवाखान्यातून आणलं तेव्हा हे बरे होते. प्रेस मशीनने उजव्या हाताची चार बोटं नेली, तरी नर्सला म्हणाले, "अंगठा ठेवलाय ना, अंगठेबहाद्दर व्हायची सोय झाली." मग शनिवारी कारखान्यातली मंडळी भेटून गेली आणि हे असं सुरू झालं. काय घडलं त्या अर्ध्या तासात? मी आत चहा करत होते.

मंगळवार, ४

येईल तो एकच म्हणतो — जिवावर आलं ते बोटांवर निभावलं. आज मीही म्हटलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. बोललं तरी लागतं, गप्प बसलं तरी लागतं. काय करू?

गुरुवार, ६

बोलले एकदाचे! "भोपळ्या मला तुम्ही म्हणाला." बस्स, एवढंच.

भोपळ्या म्हणजे यांच्या शेजारच्या मशीनवरचा जोडीदार. दोघं एकाच वर्षी कामाला लागले. तिथे कुणाला धड नावाने हाक मारायची पद्धतच नाही. यांना टोणग्या म्हणतात. शिवी घातल्याशिवाय पानासुद्धा मागत नाहीत. अहो-जाहो फक्त साहेबाशी, नाहीतर रिटायर होऊन गेलेल्याशी. शनिवारी भोपळ्या म्हणाला, "तुम्ही आता आराम करा."

मला आधी हसूच आलं. मग यांचा चेहरा पाहिला. हसू तिथेच जिरलं.

शनिवार, ८

मी काम करते त्या लाँड्रीचा काउंटर बंद करून थेट कारखान्याच्या गेटवर गेले. भोपळेभाऊजींना गाठलं. म्हटलं, "भाऊजी, घरी या आणि त्यांना शिव्या द्या."

ते बघतच राहिले. "वहिनी, हात असा झालेल्या माणसाला?"

"पूर्वीसारखंच बोला हो."

"जीभ उचलत नाही."

डोळे भरले होते त्यांचे. वाईट माणूस नाही. भल्या माणसाच्या भल्या शब्दाने माझं घर बुडतंय, आता कुणाच्या पाया पडू?

रविवार, ९

"मी असलो काय, नसलो काय," म्हणाले. वॉचमनला गच्चीला कुलूप लावायला सांगितलं. तो म्हणे, बघतो.

मंगळवार, ११



दुपारी औषधं घेऊन आले तर खोली रिकामी. तशीच गच्चीवर धावले. हे कठड्यावर बसले होते, पाय बाहेर सोडून.

जिना चढताना किती समजुतीचं बोलायचं ठरवलं होतं. त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. तोंडातून निघालं, "ए बैला! उतर खाली. मला मागे टाकून कुठे निघालास? उतर म्हणते ना!" लग्न झाल्यापासून अहो सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं. पुढचं लिहवत नाही. येतील तेवढ्या शिव्या दिल्या. माझ्याकडे एवढा साठा आहे हे मलाच माहीत नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या आजी जिन्यात उभ्या राहून ऐकत होत्या.

त्यांनी मान वळवली. बघत राहिले माझ्याकडे. मग पाय आत घेतले.

टाकीच्या सावलीत बसून दोघंही रडलो. डॉक्टरांना सगळं फोनवर सांगितलं. उद्या सकाळी बोलावलंय.

बुधवार, १२

निघताना सवयीने म्हटलं, "अहो, चपला."

तो दारातच थांबला. म्हणाला, "कालचा बैल एका रात्रीत अहो कसा झाला गं?"

"चपला घाल," म्हटलं, "उशीर होतोय."