मेथीच्या सैल जुड्या

डिस्कव्हरी गार्डन्स, दुबई
१२ जानेवारी २०२५

चि. मुरलीधर यास अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर तू विषय बदलतोस, म्हणून हे पत्र तुझ्याकडून येणाऱ्या भाजीच्या रिकाम्या क्रेटमधून पाठवत आहे. वस्तुस्थिती क्रमाने मांडते.

एक : मार्च २०२२ मध्ये रास अल खैमाच्या तुझ्या मळ्याला लागून जुन्या ट्यूबलाइट फोडण्याचे आवार सुरू झाले. दोन : त्यांत पारा असतो, म्हणून तू माझ्याकडे माती पाठवलीस. आमच्या प्रयोगशाळेत क्षार आणि शिसे तपासतात, पारा क्वचितच. तरीही कुणा कनिष्ठावर न सोपवता मी ती स्वतः हाताळली. तीन : माती ओलसर होती. ओल्या मातीवरून आकडे देणे मला मान्य नाही. ओव्हनमध्ये एकशेपाच अंशांवर सोळा तास वाळवली आणि वजन स्थिर होईपर्यंत चार वेळा तोलली. चार : पारा आढळला नाही, असे सहीनिशी लिहून दिले. पाच : आता माझ्या लेकीकडून, इराकडून कळते की, तू माती दुसऱ्या प्रयोगशाळेत दिलीस.

माझ्या सहीवर शंका घेण्याचा अधिकार तुला आहे. न सांगता घेण्याचा नाही.

साधनालाही सांग, तू बायकोला काही बोलत नाहीस हे ठाऊक आहे, पण मेथीच्या जुड्या हल्ली फार सैल येतात. गाठ गाडीतच सुटते. दिवाळीपासून तिचे पत्रही नाही. ते टपोरे अक्षर कुठे गेले?

माया आहेच, खुलासा पाठवलास तर ती टिकेल.

मनोरमा


मळा, रास अल खैमा
१९ जानेवारी २०२५

ती. ताईस सा. नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं. शाळेत प्रगतिपुस्तक तुला दाखवताना वाटायची तशीच भीती वाटली.

न सांगता माती दिली, हे चुकलं. तुझा रिपोर्ट मी पॅकिंग शेडमध्ये फ्रेम करून लावलाय. गिऱ्हाईक आलं की दाखवायचो, माझ्या ताईनं तपासलंय म्हणून. मळ्याचे मालक फहद दोन वर्षांपूर्वीच म्हणाले होते की आवार जवळ आहे, हबीबी, जागा बदल. मीच हसून रिपोर्टकडे बोट दाखवलं.

मग वाफ्यांतली गांडुळं गेली. ती टिपायला येणारे हुदहुद पक्षी यायचे थांबले. मेथी पिवळी पडायला लागली. मी खत बदललं, पाणी बदललं. मातीवर संशय घेतला नाही, कारण माती तू पाहिली होतीस.

ताई, जुड्या सैल येतात कारण साधनाचे हात थरथरतात. आधी पेन धरवेना, आता सुई ओववत नाही. कुंपणालगतचे वाफे तीच खुरपायची, जुड्याही तिथंच बसून बांधायची. शेजारच्या आवारातली धूळ अंगावर यायची. तुला कळवू देत नव्हती. म्हणायची, ताई लगेच स्वतःलाच दोष देतील. रक्तात पारा निघाला. हात सुधारतील का, यावर डॉक्टर फक्त बघू म्हणतात. तिच्यापाठोपाठ मातीतही निघाला.

दुसऱ्या प्रयोगशाळेतल्या हारुनला तुझा रिपोर्ट दाखवला. त्यानं एवढंच विचारलं की, माती ओव्हनमध्ये वाळवली होती का. मला त्यातलं कळत नाही. तू सांग.

मळा सोडतोय. फहद म्हणतात, खलास, इथं आता काही पेरायचं नाही. यापुढे भाजी येणार नाही. आधीची उरली असेल तर खाऊ नकोस.

रागावलीस तरी मला आपला मान.

मुरली


डिस्कव्हरी गार्डन्स, दुबई
२ फेब्रुवारी २०२५

चि. मुरलीधर आणि चि. सौ. साधना यांस.

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, म्हणून तो रकाना मोकळा ठेवते.

हारुनचा प्रश्न बरोबर आहे. पारा इतर धातूंसारखा मातीत बसून राहत नाही, उष्णतेने उडतो. त्याची माती सावलीत, साध्या हवेत वाळवायची असते. तुमच्या वाफ्यांतला पारा मी सोळा तास ओव्हनमधून हवेत सोडला, आणि उरलेल्या मातीत तो नाही असे सहीनिशी लिहिले. ती चार वजने मी किती अभिमानाने केली होती. कनिष्ठावर सोपवले असते, तर त्याने पुस्तक उघडून पाहिले असते. मला पुस्तक उघडण्याची गरज वाटली नाही.

तुमची भाजी खाणाऱ्या माझे आणि इराचेही रक्त तपासले, मर्यादेत आले. वाचताना सुटकेचा श्वास टाकला. त्याची लाज अजून जात नाही.

प्रयोगशाळेला सर्व लेखी कळवले आहे. माझ्या हातून गेलेला पाऱ्याचा प्रत्येक अहवाल पुन्हा तपासला जाईल. तोवर माझी सही चालणार नाही. तो कागद आजच भिंतीवरून उतरव.

साधना, शेवटच्या क्रेटमधली एक जुडी फ्रिजमध्ये तशीच होती. काल तिची गाठ सोडायला गेले. खजुराच्या पानाची दोरी सात ठिकाणी वळून सुटली होती, प्रत्येक वेळी पुन्हा वळलेली. त्या सैलपणाला मी मनात निष्काळजीपणा म्हटले होते.

समजूत घालणारे पत्र मुरलीने लिहू नये. तो लहानपणापासून माझ्या चुका स्वतःवर घेतो. उत्तर तुझे हवे. मला काय म्हणायचे ते म्हण, पण फोनवर नाही, इराकडून निरोपही नाही. कागदावर, तुझ्या हाताने, दोन ओळी. अक्षर जसे येईल तसे येऊ दे. मी ते सुधारणार नाही.

वाट पाहते.

मनोरमा