बुंदीची सातची सुई

३ फेब्रुवारी २०२६, मंगळवार. संध्याकाळी ६:४०

टमाट्याच्या क्रेटमध्ये आईचं जुनं पातळ अंथरून बुंदीला आत्ताच निजवलं. एक हात तिच्या पाठीवर, दुसऱ्याने लिहितो आहे. अकोल्याहून एस.टी.ने आलो. चार दात काढले. लाळेत अजून रक्त आहे, पण शुद्धीवर आली आहे.

डॉक्टरीणबाईंनी कागद दिला. मऊ खाणं, दुखण्याचं औषध, शुगरची सुई आधीसारखीच – सकाळी ७, संध्याकाळी ७, दोन-दोन युनिट. कागद वहीत डकवला, चारही कडांना खळ लावून. आईच्या शुगरचा कागदही असाच डकवला आहे, याच वहीत, पान १. अजून एक कोपरा सुटलेला नाही.

बाबा दारातूनच म्हणाले, "मांजरीचे दात काढाले अकोला! माही दाढ चार वर्षांपासून ठणकून राह्यली, मी लवंग दाबून बसतो."

उज्ज्वलावहिनी हसल्या – "सासूबाईनं नावच बुंदी ठेवलं. शुगर नाई होईन त काय होईन!"

हसा. आईची म्हणून एवढी एक जिवंत वस्तू घरात उरली आहे. तिच्यावर हसा.

४ फेब्रुवारी, बुधवार

वहिनींनी तीन हजार आणून ठेवले. "तुमच्या दादानं देल्ले. वापस नोका देजा." मी उसने म्हणून लिहून ठेवले. मुकेशदादाचे उपकार मला नकोत.

गेल्या नवरात्रातली सातवी माळ अजून डोळ्यासमोर आहे. आईचा त्या दिवशी नुसत्या पाण्यावर उपवास. दुपारी ती थरथरायला लागली, अंगाला घाम, बोलणं भलतंच. शेजारच्या हिरीबाई म्हणाल्या, "देवी आली आंगात!" बायकांनी कुंकू लावलं, पाया पडल्या. मीही पडलो. मग आई आडवी झाली ती उठेचना. दादाला १२:१० ला फोन केला होता. तो शेलूबाजारात वांगी उतरवत होता. वीस मिनिटांचा रस्ता – आला १:४० ला. दीड तास! दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

तो म्हणतो, "तूच त म्हनलं फोनवर, मायच्या आंगात आलं म्हनून. मले काय मालूम!"

सबब. चार महिने झाले, मी त्याच्याशी एक शब्द बोललेलो नाही. एका पंगतीला जेवतो, पण बोलत नाही.

बुंदीने आज काही खाल्लं नाही. अंडं दिलं, मटणाचं पाणी दिलं – वास घेते, तोंड फिरवते. संध्याकाळची सुई ७:०० ला दिली.

५ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी ७:०५

अजून खात नाही. सुईची वेळ मात्र चुकवली नाही. ७:०० – दिली.

त्याच दिवशी, ११:३०

अक्षर वाकडं येतं आहे. येऊ दे.

साडेनऊला बुंदी क्रेटमधून उठली आणि कलंडली. पाय गेले. सगळं अंग थरथरतंय, डोळे भलतीकडे. बाबा म्हणाले, "झालं आता. हाल नोको करू तिचे." मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांचा पहिलाच प्रश्न – "खाल्लं का तिनं?"

नाही.

"सुई?"

दिली. सातला. अगदी सातला!

"आधी साखर. साखरेचं पाणी हिरड्यांना चोळा. फोन चालू ठेवा."

वहिनींनी वाटीत साखर कालवली. हसल्या नाहीत. टाके चुकवून मी बोटाने चोळत राहिलो. तेरा मिनिटांनी तिने मान उचलली आणि माझं बोट चाटलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कागदाच्या मागं लिहून दिलं होतं. पोटात काही गेलं नसेल तर सुई देऊ नका, आधी फोन करा."

मागं. मी तर खळ लावली.

ती थरथर मी आधी पाहिली आहे.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

फोनवर विचारून आज सुई दिली नाही. दुपारी दोन चमचे अंडं खाल्लं. बाबा क्रेटजवळ बसून होते. तिला म्हणाले, "लवंग देऊ का वं?"

दादा बाजारातून मासोळी घेऊन आला. काटे स्वतः काढले, वाटी क्रेटजवळ ठेवली. माझ्याकडे बघत उभा राहिला. मी वहीत बघत होतो. गेला.

वहीत काही लिहीत नव्हतो. पान १ उघडायचं धाडस होत नव्हतं.

७ फेब्रुवारी, शनिवार

बुंदीने वाटी चाटून साफ केली. मग फोन, मग सुई – एक युनिट. पान १ तसंच.

८ फेब्रुवारी, रविवार. दुपारी १:४०

पान १ वर ओलं फडकं ठेवलं. अर्ध्या तासाने आईचा कागद सुटला. मागे छापलेलं आहे, पाचवी ओळ – "उपवास करू नये. जेवण झाले नसल्यास इंजेक्शन घेऊ नये."

सातव्या माळेची माझी नोंद: सकाळी ७:००, २४ युनिट, दिले. जेवणाच्या रकान्यात, माझ्याच अक्षरात, स्वच्छ – उपवास.

आई दंड पुढे करून म्हणाली होती, "आज राहू दे म्हनलं असतं बापू, पन तुह्या वहीत खाडा पडते. दे टोचून."

खर्च – बुंदीचे दात व औषध ४,२००. एस.टी. ५२०. एकूण ४,७२०.

देणं – मुकेशदादाचे ३,०००. आणि हा कागद.