ब्राझीलची रेकॉर्ड

डोंबिवली, १२ जानेवारी १९९७

चि. उत्तरा,

परदेशी मालाला दार उघडणाऱ्या त्या डंकेल प्रस्तावाविरुद्धच्या सभेत आम्ही परदेशी वस्तूंची होळी केली, तेव्हा माझ्याही घरातलं काहीतरी हवं म्हणून मी तुझी बोसा नोव्हाची, त्या ब्राझीलच्या गाण्यांची रेकॉर्ड आगीत टाकली. तू गर्दीतून ओरडलीस, "अहो बाबा, ब्राझील आपल्यासारखाच गरीब देश आहे!" टाळ्यांच्या कडकडाटात ते कुणाला ऐकू गेलं नाही. मला गेलं होतं. तरी मी बोलतच राहिलो. आठवड्याभरात तू घर सोडलंस.

काल ठाण्यात जुन्या रेकॉर्डच्या दुकानात तीच गाजलेली रेकॉर्ड दिसली. दुकानदार म्हणाला, "काका, हे तुमच्या कामाचं नाही. पोवाडे दाखवू?" मी तीच घेतली.

तुझ्या प्लेअरवर सकाळपासून तिसऱ्यांदा लावली आहे. तो माणूस किती हळू गातो गं! समोर एकच जण बसल्यासारखा. ऐकू यावं म्हणून मी खुर्ची जवळ ओढून घेतली.

'माझं चुकलं' असं रिकाम्या घरात चार वेळा म्हणून पाहिलं. चारही वेळा भाषणच झालं. साधं म्हणता येईपर्यंत हे पत्र पेटीत टाकणार नाही.

तुझे,
बाबा